लेकीच्या घरचं पाणी

"पी ना बा. दोनच घोट."

"तहान नाही."

"ओठ बघ जरा कसे फुटलेत."

"ओठ माझे आहेत ना? तुझं काय जातं?"

त्या उन्हाळ्यात हा मायलेकींचा तंटा समोरच्या घरातून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. गुजरातेतल्या सिहोरच्या आमच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, घरं अशी समोरासमोर की एकीनं फोडणी दिली तर दुसरीला ठसका लागावा. समोर लाभुबेन राहते. बावन्न वर्षांची, जाडजूड, हसली की खांदे आधी हलतात. नवरा वजुभाई पितळेची भांडी घडवतो. दिवसभर ठोकाठोक, त्यामुळे त्या घरात सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलतात.

चैत्रात तिची आई मोंघीबा गावी, वावडीला, अंगणात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. वय ऐंशीच्या पुढचं. लाभुबेनचा धाकटा भाऊ नटू सुरतेला हिऱ्यांना पैलू पाडतो. राहतो चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

"मोटीबेन, दिवाळीपर्यंत तू सांभाळ," तो फोनवर थोरल्या बहिणीला म्हणाला. "दिवाळीला खालची खोली मिळतेय."

"सांभाळते रे. आई काय तुझी एकट्याची आहे?"

तिनं ओसरीत खाट टाकली, जुन्या साड्यांची मऊ गोधडी अंथरली आणि आईला पाण्याचा पेला दिला. मोंघीबांनी तो हातात घेतला, पाहिला आणि परत केला.

लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्यांच्या आईनं कधी प्यायलं नव्हतं, आजीनंही नाही. इतकी वर्षं त्या इथे यायच्या त्या सकाळच्या बसनं, आणि तहानलेल्याच दुपारच्या बसनं परत जायच्या. आता परतीची बसच नव्हती.

"बा, हल्ली कोण पाळतं हे? या समोरच्या भाभीची आई येते, महिना महिना राहते, वर भजी मागते!"

"तिची आई शहरातली. शहरात पाप लागत नसेल."

म्हणून मी माझ्या घरून तांब्या भरून नेला. मोंघीबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू लाभुची शेजारीण ना? मग शेरी एक, पाणी एक. ने परत. आणि पदर नीट घे, भिंतीचा चुना लागलाय."

शेवटी तोड निघाली. वावडीहून रोज सकाळी बचुभाईचा दुधाचा टेम्पो सिहोरला यायचा. लाभुबेननं त्याच्याकडे कॅन दिला. नटूच्या शेतातल्या विहिरीचं पाणी कॅनमधून येऊ लागलं. बाजरीही त्याच शेतातली, भाकरीचं पीठही त्याच पाण्यात मळायचं. विहिरीचं पाणी असं खारट, की त्यात चहा फाटायचा. पण मोंघीबा पेला वर धरून घटाघट प्यायच्या आणि ओठ पुसून म्हणायच्या, "याला म्हणतात पाणी. तुमचं ते नळाचं, नर्मदेचं, नुसतं ओलं असतं."

ते तीन महिने चांगले गेले. मोंघीबा काठी धरून उंबऱ्यापर्यंत चालल्या. जावयाला चिडवू लागल्या, "वजुभाई, घडा ठोकताय की त्याची हाडं मोडताय?" लाभुबेन त्यांचे केस विंचरायची. "बा, तुझ्या वेणीत आता एक उंदीरसुद्धा झोपायचा नाही." मोंघीबा हसायच्या, आणि मग खाटेचा काठ धरून म्हणायच्या, "हळू गं, मुळासकट उपटशील."

मग श्रावणाच्या तोंडाला टेम्पो दुसऱ्या रस्त्याला लागला. वजुभाईनं स्कूटरवरून दोनदा कॅन आणला. तिसऱ्यांदा पाठ धरली आणि ते स्वतःच आडवे झाले. लाभुबेननं कॅनमध्ये नळाचं पाणी भरलं, पेला पुढे केला. पहिला घोट मोंघीबांनी खाटेखाली थुंकला.

"हे नर्मदेचं."

लाभुबेन आत गेली. त्यानंतर पाच मिनिटांनी मला ती दिसली ती चुलीजवळ, पेल्यात चमचा फिरवताना. तिनं स्वतः चाखलं, तोंड वाकडं केलं, आणखी एक चिमूट टाकली.

"मीठ?" मी विचारलं.

"बोलू नकोस." तिनं पेला पदरानं पुसला. "देव मला बघून घेईल. ती प्यायली पाहिजे."

मोंघीबा प्यायल्या. "आलं का गं टेम्पोवालं?"

"आलं, बा."

वीस दिवस ती मीठ घालत होती. पेल्याला दोन चिमट्या, कॅनला मूठभर. मलाही ती युक्ती वाटली, मीही हसले. हे आधी सांगून टाकते.

एकविसाव्या दिवशी मोंघीबांच्या पायांत चांदीची कडी रुतली. पाऊल भाकरीसारखं फुगलं होतं, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. श्वास लागला. डॉक्टर वसावडा आले, नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकत राहिले.

"हृदय थकलंय. मीठ बंद म्हणून सांगितलं होतं ना मी? लोणचं, पापड देता काही?"

"नाही साहेब. भाजीही अळणीच."

"मग हे येतंय कुठून?"

लाभुबेन माझ्याकडे बघेना, डॉक्टरांकडेही बघेना. तिनं जाऊन कॅन आणला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. डॉक्टरांनी टोपणात थोडं घेऊन चाखलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपण कॅनला नीट लावलं, आणि त्यानं तिला जास्त लागलं. जाताना एवढंच म्हणाले, "साधं पाणी. बेतानं, पण रोज. नाहीतर मूत्रपिंडं जातील."

दुपारी ती खाटेजवळ जमिनीवर बसली.

"बा, मी खोटं बोलले. ते पाणी वावडीचं नव्हतं."

मोंघीबांनी डोळे उघडले. "किती दिवस?"

"वीस."

"वीस दिवस मी तुझं पाणी प्यायले."

"हो. आणि काही झालं नाही! जे झालं ते मिठानं झालं, पाण्यानं नाही झालं. तुझे जावई हात तुटेपर्यंत राबतात, आम्हाला काय कमी आहे? बा, मीही तुझ्याच पोटची ना?"

"म्हणून तर, दीकरा."

"म्हणून तर काय?"

"परक्याचं घेतलं तर पुढच्या जन्मी परक्याकडे फेडायला जाईन. जाईन, त्याच्या दारी बैल होऊन राबेन. तुझं घेतलं तर तुझ्या दारी यावं लागेल. मला हाकशील तू? मारशील चाबूक?"

 

त्यानंतर मोंघीबांनी ओठ मिटले ते मिटलेच. नटूला फोन लावून तिनं तो त्यांच्या कानाशी धरला. "बा, पी ना गं," तो रडत म्हणत होता. "माझ्यासाठी पी."

"तू ये. तुझ्या हातचं पिते."

"शनिवारी सुट्टी टाकतो, बा. रविवारी सकाळी येतोच."

तो बुधवार होता.

गुरुवारी कंपाउंडर ग्लुकोजची बाटली घेऊन आला. मोंघीबांनी बाटलीकडे बोट केलं. आवाज पार बसला होता. "हे कुठलं?"

"अमदावादचं, बा. कारखान्यातलं."

"मग चालेल."

आम्ही तिघीही हसलो, मोंघीबासुद्धा. पण शीर सापडेना. त्यानं डावा हात बघितला, उजवा बघितला, पायावर तर सूजच. सुई आत जायची, निळं फुगायचं, बाहेर काढायची. लाभुबेन आईचा दंड धरून बसली होती आणि प्रत्येक वेळी तिचाच हात मागे यायचा. पाचव्यांदा कंपाउंडरनं कपाळ पुसलं. "बेन, इथे नाही जमणार. सकाळी भावनगरला न्या." भरलेली बाटली तशीच पिशवीत घालून तो गेला.

लाभुबेननं ओल्या फडक्यानं आईचे ओठ टिपले. तेवढं मोंघीबांनी करू दिलं.

"लाभु, तू जेवलीस?"

"जेवेन."

"पाणी प्यायलीस सकाळपासून?"

लाभुबेननं फडकं पिळलं. प्यायली नव्हती. आईच्या देखत पेला तोंडाला लावायची तिला भीती वाटायची.

"आण. माझ्यासमोर पी."

"नको ना, बा."

"मी सांगते ना."

लाभुबेननं माठातून पेला भरला आणि खाटेशी उभ्यानंच प्यायली. एक घोट, दुसरा, तिसरा. मोंघीबा टक लावून तिच्या गळ्याकडे बघत होत्या. प्रत्येक घोटाबरोबर त्यांचाही गळा हलत होता.

"आणखी एक घे," त्या म्हणाल्या.