वन्संच्या खोलीतली लाकडी लादी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. पाठच्या बहिणीजवळसुद्धा नाही, आणि तिला तर मी नवऱ्याशी झालेली भांडणंही शब्दन्‌शब्द सांगत आले. तुमच्याशी बोलतेय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. ओळखीच्या माणसाकडे बघत हे सांगता येईल, असं मला वाटत नाही.

लादीपासून सुरू करते. तुम्ही म्हणाल, लादीत काय एवढं? ऐका जरा.

गोडदेवला वन रूम किचनमध्ये आम्ही अठ्ठावीस वर्षं काढली. मग आमचे हे गेले, आणि निलेशने — माझ्या मुलाने — जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत मोठा फ्लॅट घेतला. सगळीकडे टाइल्स, पण एका खोलीत त्याने खऱ्या सागाच्या पट्ट्या बसवून घेतल्या. आत्यासाठी. टाइल्स पायाला गार लागतात आणि आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून. आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायचे. लग्न केलं नाही, जन्मभर सकाळच्या शाळेत शिवण शिकवलं, आणि पहिल्यापासून आमच्याकडेच राहिल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला पिन. जीभ तिखट, बरं का — "मालती, हा चहा केलास की भांडं विसळलंस?" पण निलेशला तळहातावर वाढवलं त्यांनी. मी नोकरीला जायचे ना.

पट्ट्या बसवणारा कारागीर जाताना मला बजावून गेला, "माताजी, पानी बिलकुल मत मारना. सूखा पोछा, बस." सुनेने, प्राजक्ताने, कोरडा मॉप आणून दिला आणि तेच परत सांगितलं. मग निलेशनेही सांगितलं. मी मान हलवली.

पण मला सांगा, कोरड्याने पुसलेली खोली ही काय पुसलेली खोली? तोंडावरून हात फिरवून आंघोळ झाली म्हणण्यातलं ते. सकाळी वन्सं रिक्षाने जेसल पार्कला जायच्या. तिथे खाडीच्या काठावर त्यांच्या चार मैत्रिणी जमायच्या. त्या गेल्या की मी दार लोटून बादली घ्यायचे, फिनाईल टाकायचे आणि चांगलं सपसप पुसून काढायचे. पंखा फुल. त्या येईपर्यंत सुकलेलं असायचं. वरून सुकलेलं. फटींतून खाली काय जातंय, ते मला कुठे दिसत होतं? बादली रोज त्यांच्या पलंगाशी ठेवायचे, तिथेच पिळायचे. चार-पाच महिन्यांनी नेमक्या तिथल्या पट्ट्या फुगल्या, कडा वर आल्या, काळे डाग पडले.

निलेशने एका रविवारी ते पाहिलं. खाली बसून बोटाने दाबत राहिला. "आई, इथे पाणी कुठून आलं?" आवाज चढलेला नव्हता. पण चेहरा बघितला आणि मला — काय सांगू — तीनदा सांगूनही न ऐकणारी अडाणी म्हातारी मला व्हायचं नव्हतं. प्राजक्ता दारातच उभी होती. मी हळूच म्हटलं, "आत्याचं होतं रे कधीकधी. वय झालं. मी लगेच फिनाईलने पुसते, म्हणून वास येत नाही. तिला काही बोलू नकोस हां."

किती मायेने बोलले मी! त्या दोघांना माझंच कौतुक वाटलं.

आता तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून गेलं. मीही स्वतःला पुष्कळ दिवस तेच सांगत होते. पण कबूल करायचं आहे ते पुढचं आहे.

चार दिवसांनी प्राजक्ताने मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट आणलं. वाईट मनाने नाही, पोर चांगली आहे. वन्संच्या शेजारी बसून तिने समजावून सांगितलं. ती गेल्यावर वन्संनी मला हाक मारली. पाकीट मांडीवर होतं. "मालती, माझं असं होतं का गं? मग मला कसं कळत नाही?"

ज्या बाईने मला आयुष्यभर एकही खरा प्रश्न विचारला नव्हता, फक्त सूचना आणि टोमणे दिले होते, ती मला विचारत होती. खरं सांगायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, "होतं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका."

आणि त्या दिवसापासून मी पाणी मारणं बंद केलं. विचार करून बंद केलं. डायपर आल्यावरही डाग वाढले असते तर निलेशला शंका आली असती ना? निलेशने दोन पट्ट्या बदलून घेतल्या. नव्या चांगल्या राहिल्या. सगळ्यांना पुरावा मिळाला. वन्संनाही. पलंगावरून वाकून त्या रोज सकाळी लादी बघायच्या — कोरडी.

जेसल पार्कला जाणं त्यांनी सोडलं. कुणी न्यायला आलं तर गुडघ्यांचं नाव सांगायच्या. दुपारचा चहा सोडला. मग पाणी. मी तांब्या भरून ठेवायचे, संध्याकाळी तो तसाच भरलेला. वैशाखातलं ऊन, आपल्याकडची ती चिकट हवा, आणि त्या गोळीपुरता घोट घ्यायच्या. मला दिसत होतं. मी "प्या हो थोडं" म्हणायचे आणि तांब्या तिथेच ठेवून खोलीबाहेर पडायचे.

जूनच्या सुरुवातीला त्या उठेनात. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, ह्या पाणी पीत नव्हत्या का? लघवीचा संसर्ग किडन्यांपर्यंत गेला होता. मी चमच्याने पाणी पाजायला गेले तर त्यांनी ओठ मिटून घेतले आणि चादरीकडे बोट केलं. चादर खराब होईल म्हणून. नवव्या दिवशी त्या गेल्या.

वर्षश्राद्धाला पानं वाढली होती. निलेशचे डोळे भरले. जेसल पार्कच्या त्या मैत्रिणींना तो म्हणाला, "आत्याचे शेवटी फार हाल झाले हो. कपड्यातच व्हायचं, तिला कळायचंही नाही. आईने सगळं केलं तिचं." बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी भात वाढत राहिले.

वन्संचं एकदाही झालं नव्हतं. कपड्यात नाही, लादीवर नाही. एकदाही नाही.