गरजू दिसणारी लेकरं

आमच्या पाळणाघराला पैसे का मिळाले नाहीत, तर म्हणे लेकरं फार स्वच्छ होती. हे मी कोणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो. मला अजून एकदाही हसू आलेलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका कापडवाल्या चाचांच्या दुकानावरची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. मी निवृत्त मास्तरीण, आणि हाताखाली दोन पगारी मुली. शाळा सुटली की गल्लीतली लेकरं तिथं यायची, खिचडी खायची, गृहपाठ करायची, मनसोक्त भांडायची, आणि आया कामावरून परतल्या की घरी जायची. बहुतेक आया दाल मिलमध्ये कामाला. पाळणाघर नव्हतं तेव्हा काय चालायचं ते मी पाहिलंय: लेकरू आत, कुलूप बाहेर. दुसरीतली एक पोरगी तर खिडकीच्या गजातून येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले म्हणून विचारायची.

गावातल्या लोकांच्या देणग्या आटत गेल्या, तेव्हा मी अमरावतीला जाऊन एका कंपनीच्या समाजकार्य विभागाच्या साहेबांना भेटले. मोठा गोड माणूस. म्हणाले, आधी येऊन बघतो.

मी आयांना निरोप दिला, उद्या पाहुणे येणार. बस, एवढंच. आमच्याकडे पाहुणा म्हटला की पुढचं कोणाला शिकवावं लागत नाही. जिना धुतला गेला. पोरींच्या डोक्याला तेल, घट्ट वेण्या. कोणी दिवाळीचा फ्रॉक काढला, कोणी ईदचा कुर्ता, आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी शेजारून मागून आणला. बालूशाही आयांनी वर्गणी काढून आणली. साहेबांनी ती चवीनं खाल्ली, आणखी एक घेतली, आणि दोन दिवसांनी फोन केला: "मॅडम, मुलं तशी गरजू वाटली नाहीत हो."

माझं टाळकंच सरकलं. गरज काय शर्टावर लिहिलेली असते? मी जमेल तितक्या शांतपणे सांगितलं, अहो, ते कपडे तुमच्यासाठी घातले होते. ते म्हणाले, ठीक आहे, पुन्हा येतो, पण या वेळी मुलं नेहमीसारखी असू द्या, फोटो नैसर्गिक यायला हवेत.

आता हे आयांना कोणत्या तोंडानं सांगायचं? तरी सांगितलं. खोली बंद पडायची वेळ आली होती, मानापमान कुठे बघत बसू? खिडकीतून वेळ विचारणाऱ्या त्या पोरीची आई सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, मिलच्या भुशानं मी दिवसभर माखून राहते. पोरीले कावून माखू?"

दुसऱ्या खेपेला फ्रॉक साधे होते, पण लेकरं पुन्हा न्हाऊनमाखून, भांग पाडून आलेली. मला आयांचा रागही आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. साहेबांसोबत फोटो काढणारा होता. त्याला हवं तसं चित्र काही जमेना. त्यानं त्याच पोरीला पुढं बोलावलं आणि म्हणाला, "बेटा, ती वेणी सोड जरा. केस विस्कटू दे. आणि हसू नको." पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात त्यानं स्वतःच तिच्या रिबिनीला हात घातला.

मी त्याचा हात धरून बाजूला केला. म्हटलं, "तिच्या मायनं पहाटे उठून घातलेली वेणी आहे ती. तुमच्या घरच्या लेकरांचे केस आधी विस्कटा, मग इकडे या." साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही विषय भलतीकडे नेताय." मी म्हटलं, "विषय इथंच आहे. जिना तिकडे आहे."

गेले. पैसेही गेले. थोडं गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, असं शहाणपण शिकवायला नंतर पुष्कळ जण आले. यातल्या एकानंही एक महिन्याचं भाडं दिलं नाही. चाचांनी जमेल तितके दिवस सांभाळून घेतलं, पण त्यांचंही दुकान बसत चाललेलं. मदतनीस मुली बिनपगारी किती राबणार? खोली सोडली. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जागा एका खोलीची. तिथं एवढी लेकरं न्यायची कुठे?

खोली सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या पोरीची आई माझ्या दारात उभी. मला वाटलं, आता ही बोल लावणार, आणि लावला असता तर मी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, "बरं केलं तुमी, बाई. माह्या पोरीले कोणी हात लावला असता तं मीबी हेच केलं असतं." मग पदराची गाठ सोडून तिनं माझ्या हातात एक चावी ठेवली. "मले दुपारच्या पाळीले जा लागते. कुलूप बाहेरून लावून जाते. काई झालं तं तुमीच उघडजा."

ती सांगून गेली, मग बाकीच्याही आल्या. आता माझ्याकडे चाव्यांचा जुडगा आहे. रोज दुपारी आया कामावर गेल्या की मी एकेक दार उघडते. जेवलीस का, पाणी आहे का, गॅसला हात लावायचा नाही, एवढं बोलून होतं न होतं तोच पुढचं घर वाट बघत असतं. ती दुसरीतली पोरगी म्हणते, बाई, अजून थोडा वेळ बसा ना. मी म्हणते, उद्या बसते. मग बाहेर येते, आणि माझ्याच हातानं तिला कुलूप लावते.