काट्याचा आकडा ऑफिसात गेला त्याची गोष्ट

जाफराबाद रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की खिडकीतून तिचं वजन मोठ्यानं ओरडून सांगायचं, गाडीवाल्यानं तोच आकडा परत म्हणायचा, आणि मगच मी पावती छापायची, अशी आमच्याकडची पद्धत होती. पंचक्रोशीत मला नावानं कमी आणि काटेवाले म्हणून जास्त ओळखतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

मालकांनी आवाराच्या पलीकडं नवं ऑफिस बांधलं आणि पावती तिथूनच निघाली पाहिजे म्हणाले. आमचा वजनाचा प्रोग्राम बाबा आदमच्या काळातला. तो लिहिणारा माणूस कुठं गेला, पत्ता नाही. काट्याच्या यंत्रातून निघालेली सीरियल पोर्टची वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेली असली तरच तो आकडा दाखवतो. मी जालन्याहून लांबलचक केबल आणली, खांबाखांबावरून ओढली, दोन दिवस उन्हात भाजून निघालो. ऑफिसच्या स्क्रीनवर आकड्यांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. मग मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "हे होतच न्हाई. ही वायर येवढी लांब चालत न्हाई. पावती इथंच निघू द्या." वरून तोंड पाडलं होतं, पण आतून मी खूश होतो.

मालकांनी हसनाबादची एक बाई आणली. तिशीची असेल, कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला मऊ. तिनं खिशात मावेल एवढी एक डबी माझ्या खोलीत बसवली. काट्याची वायर डबीत, आणि डबीतून साधी नेटवर्कची वायर ऑफिसपर्यंत. तिकडच्या कॉम्प्युटरमध्ये तिनं एक खोटा पोर्ट, म्हणजे वायर खोचायची नुसती नावापुरती जागा, तयार केला. प्रोग्रामला वाटलं, काटा अजून आपल्या पाठीलाच जोडलाय. एका दुपारी काम संपलं. माझे दोन दिवस, तिची एक दुपार!

मी जळलो. तिला ऑफिसात कायमचं ठेवून घेतलं तेव्हा आणखी जळलो. गाडीवाले माझ्या खिडकीकडं न बघता सरळ तिकडं जायला लागले, "मॅडम, बराबर बघा बरं" म्हणायला लागले. मी दिवसभर खिडकीत बसून गाड्यांना पुढं घ्या, मागं घ्या करायचो. ती येता-जाता "काका, जेवलात का?" विचारायची. तेही मला झोंबायचं.

तिनं चाचणीसाठी तोच खोटा पोर्ट माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरही करून ठेवला होता. तेव्हा ती सहज म्हणाली होती, "काका, डबी एका वेळी एकाच कॉम्प्युटरशी बोलती. तुम्ही प्रोग्राम उघडला तर आकडा माझ्याकडं येणार न्हाई." हे तिनं मला सांगायला नको होतं.

ऐन हंगामात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं ऑफिसातला प्रोग्राम बंद केला आणि मी माझ्याकडचा उघडला. सुट्टी संपली तरी तिचा स्क्रीन कोराच. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, लोक कावले, मालक स्वतः धावत आले. "काय झालं काट्याला?" मी त्यांच्याकडं पाठ करून गुपचूप प्रोग्राम मिटला, डबीची वायर काढून लावल्यासारखं केलं आणि म्हणालो, "डबी अडकल्ती. आता बघा." पलीकडं आकडा आला. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जुना माणूस तो जुना माणूस," सगळ्यांसमोर म्हणाले. तीही तिथंच उभी होती. "हो, काकांमुळं जल्दी सुरू झालं," एवढंच ती बोलली. त्या दिवशी मी जेवढा ताठ चाललो तेवढा वर्षभरात चाललो नव्हतो.

गाड्या संपल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यावर डबीनं नोंदवलं होतं, कोणता कॉम्प्युटर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत जोडलेला होता. सुट्टीपासून जोडलेला कॉम्प्युटर माझा होता. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या.

"सांगा मालकाला," मी म्हणालो. "मी काय घाबरून राह्यलो का?"

"मी आल्ते दुसऱ्या कामाला," ती म्हणाली. "डबीची सेटिंग बदलली. आता दोन्हीकडं आकडा एकाच वेळी दिसंल. तुम्ही उघडलं तरी माझं बंद पडत न्हाई."

ती गेल्यावर मी प्रोग्राम उघडला. उशिरा आलेला एक ट्रॅक्टर काट्यावर चढत होता. पलीकडं काचेतून तिचा स्क्रीन उजळलेला दिसला, आणि तोच आकडा माझ्याही समोर आला. तिनं मालकाला सांगितलं असतं तर मी कडाकडा भांडलो असतो, महिनाभर तिला शिव्या घातल्या असत्या. तिनं मला ती सोय ठेवली नाही. आणि माझं जळणं काही कमी झालं नाही.