कागदावर दोन, गाडीत दोन

आमच्या वडिलांचं नाव वाचायला माझ्या धाकट्या बहिणीला सरकारी परवाना लागणार, हे कळलं तेव्हा मी आधी नियम उतरवून घ्यायला वही काढली. राग नंतर आला.

वडील फौजेत होते. मी सातवीत असताना अरुणाचलच्या सीमेवर रस्ता खचला आणि त्यांची गाडी दरीत गेली. पलटणीनं तिथं एक दगड बसवलाय, त्यावर पाच नावं आहेत, असं त्यांच्या एका सोबत्यानं पत्रानं कळवलं होतं. आमचं जाणं कधी जमलं नाही. आता आईचे गुडघे इतके बिघडले की डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास करायचा तर यंदाच. आईची अट एकच. "दोघीबी येणार असला तर मी येतो. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

माझा आणि आईचा परवाना ऑनलाइन अर्ज भरून मिळाला. बहिणीचं तसं नव्हतं. ती वीस वर्षं कॅनडात आहे, पासपोर्ट तिकडचा. भारतीय वंशाचं कार्ड आहे म्हणजे सगळीकडं फिरता येतं, अशी तिची समजूत. गुवाहाटीच्या एजंटानं ती फोनवरच मोडून काढली. सीमेकडच्या भागात ती परदेशीच. परवाना वेगळा, तो एजंटामार्फतच, आणि एकट्या परदेशी माणसाला मिळत नाही. किमान दोघं हवीत. मी आणि आई भारतीय, म्हणून त्या मोजणीत नाही.

"सख्खी आई, सख्खी बहीण शेजारी बसलेली असताना मी एकटी?" बहीण म्हणाली.

"कागदावर एकटी."

आईनं हे ऐकलं, उठली आणि ट्रंकेतून बहिणीचं लग्नाआधीचं मतदार कार्ड काढून आणलं. रेशनकार्डावरचं तिचं नावसुद्धा आईनं आजवर कमी केलेलं नाही. लग्न झालं की लोक लेकीचं नाव कमी करून घेतात. आईचं म्हणणं, नाव कापायला लेक काय मेली न्हाय.

"हे घे," ती मला म्हणाली. "कोल्हापूरचीच हाय ती. भर अर्ज."

पेठ वडगावचा मामा त्या दिवशी आमच्याकडंच होता. त्याला हे फारच पटलं. "कोण इचारतंय तितं? तोंड उघडलं की कळतंय की कुठली हाय. पासपोर्ट घाल पिशवीच्या तळाला."

बहीण त्या कार्डावरच्या फोटोकडं बघत राहिली. मोह झालेला दिसत होता. "अक्का, यात खोटं काय आहे? मीच आहे की ही."

"होतीस. आता नाहीस. नाक्यावर कुणी पासपोर्ट मागितला तर आईच्या देखत तुला गाडीतनं उतरवतील. आणि वडिलांपाशी मी तुला लपवून नेणार नाही. वाजत-गाजत नेणार."

"लई शाणी," मामा म्हणाला. "तुज्या त्या वहीपायी म्हातारीचं ऱ्हाऊन जाईल बघ."

हे मला लागलं, कारण तसं होऊ शकत होतं. तरी मी कार्ड ट्रंकेत परत ठेवलं.

मग एजंटानं त्याचा उपाय सांगितला. दुसरं नाव तो घालणार; कागदावर दोन, गाडीत एक. सगळे असंच करतात म्हणे. मी म्हटलं, कागदावर दोन तर गाडीत दोन. खरं माणूस शोधा. आमच्यासारखंच कुणीतरी अडकलेलं असेल. तो हसला. मी रोज सकाळी बरोबर दहाला फोन करत राहिले. आठव्या दिवशी तो हसायचा बंद झाला आणि अकराव्या दिवशी त्याला नेदरलँड्सची एक निवृत्त शिक्षिका सापडली. पक्षी बघायला आलेली, एकटीच, आणि याच नियमावर अडलेली. तिला वाटेत दोनदा पहाटे गाडी थांबवून हवी होती. थांबवू म्हटलं.

अर्जात कारण म्हणून पर्यटन लिहिलं. पण सोबत मी एक पत्र जोडलं. वडिलांचं नाव, हुद्दा, पलटण, दगड.

"मॅडम, याची गरज नाही," एजंट म्हणाला.

"मला आहे."

परवाना आला. आईनं चष्मा लावून दोन्ही फोटो बघितले. "ही गोरी कोण?"

"पावणी. आपल्या गाडीत आहे."

"मग धपाट्यात तिखट कमी घाला."

शेवटच्या नाक्यावर आम्हा दोघींचे कागद लगेच हातात आले. बहिणीचा आणि पाहुणीचा परवाना घेऊन जवान आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मी फाइलमधल्या प्रती पुन्हा मोजल्या. आईनं मात्र काच खाली केली आणि खिडकीतून आवाज दिला, "ए लेकरा! बघ, नीट बघ! समदं खरं हाय!" मराठी तिथं कुणाला कळत नव्हतं. जवान बाहेर आला, शिक्के मारलेले कागद दिले आणि अडसर वर केला.

दगड रस्त्याच्या वळणावरच होता. अक्षरं इंग्रजी, रंग उडालेला, त्यामुळं आईला काही वाचता येईना. बहिणीनं चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि वडिलांचं नाव हुद्द्यासकट मोठ्यानं वाचलं. आईनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग पदर सारखा करून ती दगडाशी बोलली.

"आलोय बघा. तिघीबी."