लेकीच्या चौकोनातली फुलं

मी फुलचोर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुण्यात असताना सकाळी पिशवी घेऊन निघायचं, कुंपणाबाहेर आलेली फांदी वाकवायची आणि कुणी खिडकी उघडली की "देवाला हो!" म्हणून सटकायचं, हे माझे संस्कार. एडिनबरात भूलतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं काढली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

माझी मुलगी सरळ निघाली. तिसऱ्या वर्षाला मेडिकल सोडून ती डोंगरावर हेदर मोजायला गेली. हेदर म्हणजे गुडघ्याएवढी काटक झुडपं. ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा करून टाकतात. "फुलं मोजायला कुणी डॉक्टरकी सोडतं का?" असं मी तेव्हा म्हणालो. त्यानंतर चार वर्षं आमचं बोलणं हवामानापुरतं उरलं. इथे हवामानावर पुष्कळ बोलता येतं, तरी ते पुरेना. मला ती हवी होती, आणि ते कसं सांगायचं हे कळत नव्हतं. म्हणून गणपतीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला, "बाबा, सॅटर्डेला फ्री आहात का? माझी साइट बघायला या ना," तेव्हा मी इतका हरखलो की चक्क इस्त्रीची पँट घालून गेलो.

पाच मिनिटांत एक पाय घोट्यापर्यंत ओल्या शेवाळात गेला. तो काढतोय तोच पुढच्या झुडपातून ग्राउस उडाला. हा कोंबडीएवढा गुबगुबीत पक्षी, पण ओरडतो केवढ्याने! मी त्याहून मोठ्याने ओरडलो. जन्मभर पेशंटला "घाबरू नका" सांगणाऱ्या मी तिथेच बसकण मारली. मुलगी खळखळून हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! पँटचं वाईट वाटलं नाही.

मग ती चालता चालता कामाबद्दल सांगू लागली. जुनं हेदर जाळतात, मग काय परत उगवतं, काहीतरी चौकोन, असं कानावरून गेलं. मी मनात भाषण जुळवत होतो: अजून वेळ गेलेली नाही, मेडिकलला परत घेतील.

"इथेच बसा हं, मी टेकडीपलीकडचं बघून येते," म्हणून ती गेली. समोर चार खुंट्या, त्यांना दोरी, आणि आत हेदर दाट फुललेलं. दोरी दिसली की आत माल चांगला, हे मला अनुभवाने ठाऊक. परवा गणपती, खिशात पिशवी. मी एकेक तुरा खुडत गेलो आणि चौकोन साफ केला.

ती परत आली. आधी पिशवीकडे बघितलं, मग खुंट्यांकडे. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हा माझा स्क्वेअर होता. थ्री इयर्स मी तो काउंट करतेय. आजचा काउंट राहिला होता."

ओठांवर आलेलं "देवाला" मी गिळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगळे तुरे पिशवीतच आहेत," मी म्हणालो. "मोजून देतो."

रेनकोट पसरून आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. डासांपेक्षा बारीक चिलटं मानेला चावत होती. दोनदा माझी मोजणी चुकली. दोन्ही वेळा तिने स्वतःचा आकडा न विसरता माझी चूक दाखवली. असं लक्ष मी ऑपरेशन थिएटरमध्ये फार थोड्यांचं पाहिलंय. भाषण मनातच राहिलं.

आकडा मिळाला. मग तिने तक्त्यातलं "कुणी खाल्लं" हे सदर काढलं. त्यात हरीण, मेंढी, ससा असे रकाने होते. "अदर" खाली तिने लिहिलं: फादर.

"अगं, खोड ते. लोक हसतील मला."

"खरं तेच लिहायचं असतं, बाबा. नाहीतर मोजायचं कशाला?"

पेशंटच्या चार्टवर नोंदी करणाऱ्या ज्युनियर डॉक्टरांना मी हेच वाक्य तीस वर्षं ऐकवत आलोय. घरी जेवतानाही शंभरदा बडबडलो असेन. कुणी ऐकत नाही, अशी माझी समजूत होती. ती ऐकत होती.