आधी दाबा, मग रडा

वैजूताई फोनवर बोलता बोलता टेबल बडवायच्या. अँब्युलन्ससाठी फोन येतात त्या कॉल सेंटरमध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. पलीकडे कुणाचं हृदय बंद पडलं, तर गाडी पोचेपर्यंत जवळच्या माणसाकडून छाती दाबून घ्यायची, हे आमचं काम. ताई तळहाताने टेबलावर ठेका धरायच्या. "एक, दोन, तीन, चार. जोरात. बरगडी मोडली तर मोडू द्या." कुणी हुंदके द्यायला लागलं की म्हणायच्या, "आधी दाबा, मग रडा. रडायला जन्म पडलाय."

मूळच्या लातूरकडच्या, राहायला पुण्याजवळ कुरुळीत. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?' हे ठरलेलं वाक्य त्या कधीच म्हणत नसत. साहेब दर महिन्याला त्याचे गुण कापायचे. ताई म्हणायच्या, "तेवढ्यात दहा दाब होतेत." पिंपळे सौदागरची एक सून सासऱ्यांच्या छातीला हात लावायला लाजत होती. "ओढणी बांधा कमरेला आणि बसा गुडघ्यावर. लाज मागून." सासरे वाचले. गुण त्या कॉललाही कापले गेले.

मग एका दुपारी चाकणजवळच्या एका कारखान्यातून फोन आला. प्रेस मशीनवरचा कामगार कोसळला होता, श्वास थांबला होता.

"तुम्ही त्याच्याजवळच आहात ना?" ताईंनी विचारलं.

"न्हाई मॅडम, मी गेटवरचा सिक्युरिटी. पेशंट आत शॉपमधी हाय, मशिनींकडं."

"आतल्या कुणाचा नंबर द्या."

"आत मोबाईल चालत न्हाई. समद्यांचे हितं लॉकरला जमा हायेत. माझा बी."

"मग लॉकर उघडा, एक फोन घ्या आणि पळा."

"चावी साहेबाकडं हाय."

ताईंचा आवाज चढला. "अहो, माणूस मरायलाय तिकडं. कुलूप फोडा."

"माझी नोकरी जाईल, ताई."

शेवटी त्यांनी त्याला लँडलाइनचा रिसिव्हर तसाच ठेवून आत पिटाळलं, छाती कुठे दाबायची ते सांगून. तो गेला. ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं, तरी ताई टेबल बडवत राहिल्या. तो धापा टाकत परतला. "गेला, ताई. समदे नुसते उभे व्हते."

आठवड्याने कंपनीची तक्रार आली. कर्मचाऱ्याशी उद्धट भाषा, आणि कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान करायला चिथावणी. मेलेल्या माणसाचं नावही त्यात नव्हतं. साहेबांनी माफीनामा टाइप करूनच ठेवला होता. ताईंनी तो वाचला. "माफी मागायची तर त्याच्या बायकोची मागते. ह्यांची कशापायी?" एवढं म्हणून त्यांनी हेडसेट काढला, डब्याची पिशवी उचलली आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

मला त्या कंपनीची चीड आहे. कुलपापुढे माणसाची किंमत नसलेल्या त्या नियमाची आहे, आमच्या साहेबांचीही आहे. पण सगळ्यात जास्त माझी मला आहे. त्या तक्रारीच्या चौकशीत मला एकच प्रश्न होता, 'त्यांचा आवाज चढला होता का?' मी लिहून दिलं, 'हो, चढला होता.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. का चढला, ते कुणी विचारलं नाही, आणि मीही लिहिलं नाही.