मोटारवाल्याच्या घरचा नळ

त्या रविवारी पप्पांनी आमच्या नळाचा पाइप आमच्याच हौदातून उचलला आणि भिंतीवरून शेजाऱ्यांच्या हौदात सोडला. मी जागच्या जागी थिजले. पहिला विचार मनात आला तो हाच की, मम्मीपाठोपाठ आता यांच्याही डोक्यावर परिणाम झाला.

हे बोलणं कठोर वाटेल, पण पडेगावात उन्हाळा काढलेल्या माणसाला वाटणार नाही. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, आठवडा उलटून गेल्यावर, अवेळी आणि घाईत. त्या तासाभरात जे साठेल त्यावर पुढचे दिवस काढायचे. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरानं नळाला थेट मोटार जोडलेली. ज्याची मोटार दांडगी त्याचा हौद भरतो, बाकीच्यांचा नळ नुसता सुस्कारे टाकतो.

आमचा नळ सुस्कारे टाकणाऱ्यांतला. आणि गंमत अशी की, माझे वडील मोटारी भरायचं काम करतात. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. पण नळाला मोटार लावायला महापालिकेची बंदी आहे, आणि पप्पांच्या हिशोबी सरकारचा नियम पाळणं हेही देवाचंच ऐकणं. दुकानात मोटार आली की आधी विचारायचे, "कुठं लावता?" नळाला म्हटलं की मोटार परत. गल्लीत सगळ्यांकडे मोटारी आणि मोटारवाल्याच्या घरी बादली, असं लोक तोंडावर म्हणायचे. पप्पा हसायचे. मला मात्र हसू येत नसे.

कारण घरात मम्मी होती. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "आमेन". भूक लागली, आमेन. कूस बदलायची आहे, आमेन. मी चिडून काही बोलले, तरी आमेन. तिची खाट खिडकीशी होती आणि खिडकीबाहेर आमचा हौद. तिचं अंथरूण रोज धुवावं लागायचं, कधी दिवसातून दोनदा. पाणी नसलं की मी चादरीचा कोरडा कोपरा शोधून तोच तिच्या अंगाखाली सरकवायची. आपल्या आईला असं ठेवावं लागतं, याची मला लाज वाटायची आणि त्या लाजेचा राग सगळा पप्पांवर निघायचा.

चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे. गीत म्हणायचे, प्रार्थना करायचे आणि जाताना सांगायचे की, देवाच्या आज्ञेत चालणाऱ्याला देव काही उणं पडू देत नाही. मी मान डोलवायची. त्यांना चहा टाकायला घरात पाणी आहे की नाही, याचाच विचार तेव्हा डोक्यात असायचा.

तर तो रविवार. पांढरा शर्ट घालून, बायबल काखेत मारून पप्पा उपासनेला निघालेले. मम्मीजवळ मी. तेवढ्यात पाणी आलं. शेजारची मोटार नेहमीप्रमाणे घोंघावली, मग कण्हली, आणि जळक्या तारेचा वास भिंत ओलांडून आमच्या अंगणात आला. मोटार बंद पडली. दुसऱ्याच क्षणी आमच्या नळाला अशी धार लागली की पाइप हातातून उडाला.

मी अक्षरशः नाचले. खरं सांगते, मला त्यात देवाचा न्याय दिसला. एवढी वर्षं ज्यांनी आमचं पाणी ओढलं, त्यांचीच मोटार जळाली, आणि तीही रविवारी!

फाटकापर्यंत गेलेले पप्पा वळले. मला वाटलं, घागरी भरायला येताहेत. ते भिंतीपाशी गेले. पलीकडे शेजारीणबाई रिकाम्या ड्रमजवळ उभी होती. फर्दापूरकडचं मेंढपाळांचं घर ते, पोटासाठी शहरात आलेलं. त्यांचं घर चढावर, त्यामुळे मोटारीशिवाय त्यांच्या नळाला थेंब येत नाही, हे मला माहीत होतं. सोयीनं विसरले होते, इतकंच.

"मोटार गेली का, ताई?"

"व्हय ना काका. लेक बाळंतीण हाय घरात. अन् हौदात टिपूस नाय."

पप्पांनी बायबल खिडकीत ठेवलं आणि पाइप उचलला.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मम्मीचं अंथरूण सकाळपासून तसंच पडलं होतं, तेही बोलले. पप्पा एवढंच म्हणाले, "पाण्यासाठी कुणाला ताटकळत ठेवायचं नाही."

हे वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक होतं. पप्पांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. खाली उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतेल, ते ओंजळीत घ्यायचं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती आणि त्या दिवशी मला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

शेजाऱ्यांचा हौद भरला. पाइप आमच्याकडे परत आला आणि थोड्याच वेळात पाणी गेलं. आमच्या हौदाचा तळ जेमतेम झाकला. पप्पा भिजलेल्या शर्टानिशी उपासनेला गेले. आभार मानायला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीणबाई न विचारता आत आली आणि मम्मीच्या घाण अंथरुणाची बादली उचलून निघाली. मी हादरलेच. त्या बादलीला आमच्या सख्ख्या नातेवाइकांनी हात लावला नव्हता. ते आले तरी दारातूनच प्रार्थना करून परत जायचे.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं, "ते लई घाण आहे."

"मेंढरांची बाळंतपणं केल्यात या हातांनी. किळस कसली?"

ती रोज येऊ लागली. माझ्या तोंडून साधं 'बरं झालं आलात' एवढंही निघेना. त्या रविवारी मी काय काय बोलले ते तिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं.

पुढच्या खेपेला पाणी आलं आणि शेजारची मोटार पुन्हा घोंघावली. दुसऱ्या दुकानातून भरून आणलेली. आमचा नळ लगेच सुस्कारे टाकू लागला. झालं, मी म्हटलं, हेच फळ. तेवढ्यात भिंतीवरून एक पाइप आला आणि आमच्या हौदात भसाभस पाणी पडू लागलं.

मी पाहतच राहिले. पण माझ्याहून जास्त धक्का पप्पांना बसला होता. ते पाइपाकडे बघत उभे. नियम मोडून ओढलेलं पाणी त्यांच्याच हौदात! दुसऱ्याला देताना त्यांनी क्षणभर विचार केला नव्हता, आणि आता घेताना हात पुढे होईना. शेवटी त्यांनी पाइप उचलला आणि भिंतीकडे धरला.

"नको ताई. हे पाणी मला चालत नाही."

शेजारीणबाईचा चेहरा पडला.

"आमच्या हातचं चालत नाय व्हय, काका?"

पप्पांचा चेहरा पांढराफटक झाला. पाइपाचं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं, आणि देवाचं नेमकं काय ऐकावं हे त्यांना कळेना, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

खिडकीतून आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"आमेन!"

तिला काय म्हणायचं होतं, कोण जाणे. कदाचित कूस बदलायची असेल. पप्पांनी खिडकीकडे पाहिलं. मग वाकले, पाइपाखाली ओंजळ धरली आणि शेजारीणबाईच्या डोळ्यांदेखत ते पाणी प्यायले. पाइप हौदात सोडला आणि ओल्या हातानं तोंड पुसत माझ्यावर खेकसले, "बघत काय उभी राहिलीस? मम्मीचं अंथरूण आण."